बाईसाहेबांची निळी कुंडी

भट्टीतून निघालेल्या बोन्सायच्या कुंडीवर पाणी शिंपडलं, की भाजक्या मातीचा वास येतो आणि मला आईची ती सकाळ आठवते.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, त्यात दुष्काळ. आई एका साहेबांच्या बंगल्यावर धुणीभांडी करायची. त्या दिवशी मीही सोबत होते. तिनं घरी न्यायला कळशीभर पाणी मागितलं.

व्हरांड्यातल्या बोन्सायला पाणी घालत बाईसाहेब म्हणाल्या, "माझ्या झाडालाच पुरत नाही, तुला कुठून देऊ?"

आईनं ती निळी कुंडी उचलली आणि फरशीवर आपटली. "आता पुरंल बगा."

काम गेलं. मी भीतीनं रडले होते. आज मीच अशा कुंड्या घडवते, एकेकीमागची मेहनत जाणते. तरी ती फुटल्याचा आवाज आठवला, की अजून जीव गार होतो.