दिवाळीनंतर रिकामं होणारं गाव

किस्से काय, मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत हो! झाशी स्टेशनच्या जनरल तिकीट खिडकीवर तेवीस वर्षं बसा, आपोआप साठतात. शेजारच्या खिडकीवरचे दुबेजी ते हसत हसत सांगतात. मला मेलं हसू येत नाही. चीड येते.

टहरौलीच्या पुढे टेकडीवर एक गाव आहे. शेतात मातीपेक्षा दगड जास्त! पावसावर तीळ-उडीद काय होईल ते, आणि दिवाळी झाली की अख्खं गाव घराला कड्या लावून माझ्या खिडकीसमोर. परत येणार ते थेट ज्येष्ठात.

तिथला कल्लू पहिल्यांदा आला, तेव्हा मी विचारलं, "कहाँ का दूँ?"

"जितै काम मिल जाय, उतै कौ दै दो।"

"दिल्ली दे दीजिए!" दुबेजी पलीकडून ओरडले.

"उतै काम पक्को है?"

"भैया, रेलवे टाइम की गारंटी नहीं देती, काम की क्या देगी!"

सगळी रांग हसली. कल्लूसुद्धा हसला. तेव्हापासून दर वर्षी तो दिल्लीचंच तिकीट घेतो.

*

एकदा कुणी साहेब त्या गावात ग्रामसभा घ्यायला गेले. जीप, फायली, फोटोग्राफर, बॅनर, सगळा थाट! गावात सापडली सात म्हातारी माणसं आणि एक बकरी. बाकीचं गाव सकाळीच स्टेशनावर गेलेलं.

साहेब हुशार. जीप वळवली आणि थेट आमच्या प्लॅटफॉर्मवर! गाडी लेट होती. माणसं ओळीत बसवली, मागे बॅनर बांधला. त्यावर काय लिहिलं होतं सांगू? 'गाँव में ही रोज़गार'!

"जो सहमत हों, हाथ उठाएँ!" साहेब म्हणाले, आणि तेवढ्यात गाडी लागली. बोचकी डोक्यावर धरून सगळे पळत सुटले. फोटोग्राफरने खटकन बटण दाबलं. फोटोत सगळ्यांचे हात वर!

"प्रस्ताव सर्वसम्मति से पास," दुबेजी म्हणाले.

*

कल्लूचे वडील हल्के कक्का. मुला-नातवंडांना, त्यांच्या भाषेत 'मोड़ा-मोड़ियन'ना, पोचवायला स्टेशनपर्यंत येतात आणि एकटेच गावी परत जातात. मला 'बिन्नू' म्हणतात. इकडे लेकीला तसंच म्हणतात.

माझी जीभ मुळात तिखट. एकदा कल्लूला चांगलं झापलं, "बूढ़े बाप को अकेला छोड़ते शर्म नहीं आती?"

"बाई साब, उतै मेट पूछत है, जे बब्बा कित्ती ईंटें उठैहै?"

मेट म्हणजे तिथला मुकादम. माझ्या स्वतःच्या आईजवळ दिवसभर पगारी बाई बसते. मी कोण लागून गेले त्याला शरम शिकवणारी!

*

गेल्या पौषात कक्कांच्या शेजारची म्हातारी वारली. तिरडी उचलायला गावात उरलेले पुरुष दोन. एक कक्का, दुसरा दम्याचा पेशंट. शेवटी टेकडीखाली टहरौलीची बस अडवली. ड्रायव्हर आणि कंडक्टर भले, खांदा द्यायला उतरले. पॅसेंजर तासभर बसमध्ये बसून. काम उरकून कंडक्टर आला, हात धुतले आणि लगेच सुरू, "चलो, झाँसी, झाँसी, झाँसी!"

ज्येष्ठात मुलांना न्यायला आलेले कक्का हे मला खिडकीशी उभं राहून हसत हसत सांगत होते. मग एकदम स्वतःच्या पाळीचं काढलं, "बिन्नू, हमाई बेर बस न आई तो?"

मागे रांग होती. मी म्हटलं, "अगला!" त्याची मला अजून लाज वाटते.

*

यंदा दिवाळी झाली आणि कक्का एकटेच आले. धुतलेला कुर्ता, ताजी दाढी केलेली.

"टिकट, कक्का?"

"नईं, न्योतौ दैबे आए। सोमवार खों तेरईं की पंगत है। आइयो जरूर।"

तेराव्याच्या जेवणाचं आमंत्रण! कल्लूला तर काही झालं नाही ना?

"किसकी तेरहवीं, कक्का?"

"हमाई।"

दुबेजी तिकीट द्यायचे थांबले.

"अरे कक्का, आप तो सामने खड़े हैं!"

"हओ," कक्का म्हणाले. "पै मोड़ा-मोड़ियन की गाड़ी मंगल की है।"