केरी की केरे

गॅलीच्या तिसऱ्या पट्टीवर माझी पेन्सिल थांबली. गॅली म्हणजे पानं पाडण्याआधी लांब कागदावर काढलेलं कच्चं प्रूफ. हुबळीच्या प्रेसमधून ते दुपारच्या गाडीनं धारवाडला यायचं आणि मी तपासायचो. इतिहास-संशोधनाच्या एका त्रैमासिकात मी सहायक संपादक होतो. तेव्हा तीसचं दशक अर्धं सरलं होतं.

समोरचा लेख अळणावरजवळच्या एका खेड्यातल्या कन्नड शिलालेखावर होता. लेखक धारवाडचे नामांकित प्रोफेसर, आमच्या संपादक मंडळाचे सभासद. शिलालेखाच्या नवव्या ओळीत त्यांनी ‘केरी’ असं वाचलं होतं. कन्नडात केरी म्हणजे गल्ली. राणीनं विणकरांच्या गल्लीला जमीन दिली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ही विणकरांची गल्ली मी आधी वाचली होती.

उठून कपाटातली फाईल काढली. दोन वर्षांपूर्वी त्याच खेड्यातल्या गुंडाप्पा मास्तरांनी आम्हाला लेख पाठवला होता. मास्तर प्राथमिक शाळेत शिकवत. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. लेखासोबत त्यांनी दगडावर ओला कागद ठोकून, शाई लावून घेतलेले ठसे जोडले होते. आलेला लेख जाणकाराकडे मतासाठी धाडायचा, अशी आमची पद्धत. मास्तरांचा लेख याच प्रोफेसरांकडे गेला. आठ महिन्यांनी एका ओळीचं मत आलं : ‘लेखकास लिपीचे पुरेसे ज्ञान नाही. छापू नये.’ लेख आणि ठसे परत आलेच नाहीत. मी दोनदा मागितले. “सापडले की पाठवतो,” असं उत्तर मिळालं.

फाईलमध्ये मास्तरांचं एक कार्डही होतं. लेख मतासाठी गेल्यानंतर ते आलं होतं. ‘नवव्या ओळीत माझी चूक झाली. दगडावर शेवाळ होते. घासून पुन्हा पाहिले. केरी नव्हे, केरे आहे. कृपया दुरुस्त करावे.’ केरे म्हणजे तळं. म्हणजे दान गल्लीला नव्हतं, तळ्याला होतं. हे कार्ड प्रोफेसरांकडे पाठवणं माझं काम होतं. मी आळसानं ते फाईलला लावून ठेवलं होतं.

कार्ड आणि गॅली घेऊन मी संपादकांकडे गेलो. त्यांना आम्ही अण्णाराव म्हणायचो. माणूस अभ्यासू होता, सरळही होता. त्यांनी दोन्ही कागद वाचले आणि चष्मा पुसत बसले.

“दोघांनी एकच दगड पाहिला असेल,” ते म्हणाले.

“दगड एक असेल अण्णा. पण चूक एकच कशी?”

चष्मा पुन्हा चढवून ते म्हणाले, “आपलं ऑफिस कॉलेजच्या खोलीत कुणाच्या शब्दावर आहे, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. पण लेख मास्तरांचा आहे.”

“मंडळापुढे ठेवू,” ते म्हणाले. मला तेवढंच हवं होतं.

बैठकीला पाच जण होते. मला वाटलं होतं, प्रोफेसर गडबडतील. ते शांत होते.

“शिलालेख आपण स्वतः पाहिलात?” मी विचारलं.

“म्हणजे काय? स्वतः गेलो होतो.”

“नवव्या ओळीत केरीच आहे?”

“स्पष्ट केरी.”

मी कार्ड टेबलावर ठेवलं. सगळ्यांनी ते हातोहात पाहिलं. प्रोफेसरांनी दोनदा वाचलं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता ते म्हणाले, “शक्य आहे. उजेड कमी होता. असल्या दुरुस्त्या वेळेवर कळल्या पाहिजेत. यांनी हे कार्ड दोन वर्षं दाबून ठेवलं, हे मात्र फार गैर झालं.”

मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. त्यानंतरची चर्चा माझ्या निष्काळजीपणावर झाली. मास्तरांचा लेख कुठे आहे, हे मी दोनदा विचारलं. एक वयस्कर सभासद म्हणाले, “जाऊ द्या हो. खेड्यातल्या मास्तरासाठी एवढ्या मोठ्या माणसाला उभं करायचं का?” अण्णाराव मान खाली घालून टिपणं लिहीत राहिले.

निर्णय असा झाला : लेख प्रोफेसरांच्याच नावानं जाईल, केरीचं केरे करावं आणि निष्कर्ष त्याप्रमाणे बदलावा. तळटीप प्रोफेसरांनी तिथंच सांगितली : ‘मूळ शिलेच्या पुनर्निरीक्षणानंतर हे वाचन निश्चित केले आहे.’ ती मी लिहून घेतली. गॅलीवरची दुरुस्ती माझ्या हस्ताक्षरात प्रेसला गेली. चोरी उघडी पाडायला मी जो पुरावा नेला, त्यानंच चोरीतली एकमेव खूण पुसली गेली. बैठकीनंतर कार्ड मागितलं, तर ते कुणाकडेच नव्हतं.

अंक निघाल्यावर मी अळणावरला गेलो. स्टेशनातून दीड तास चाललो. मास्तर शाळेतून नुकतेच आले होते. “या की, बसा,” म्हणाले. त्यांच्या आईनं ताक दिलं. मी अंक पुढे केला आणि घडलेलं सगळं सांगितलं, माझ्या आळसासकट.

त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचला. नवव्या ओळीवर बोट ठेवलं.

“केरे छापलंय. बरं झालं. चूक तशीच छापली गेली असती, तर तळ्याचं नाव बुडालं असतं.”

“मास्तर, तुमचं नाव बुडालं.”

“ते दिसतंय की,” ते म्हणाले. अंक मिटून त्यांनी माझ्या हातात दिला. “ठसे तेवढे मिळतील काय? तो दगड आता नाही. रस्त्याच्या मोरीत फोडून घातला गेल्या उन्हाळ्यात.”

ठसे मिळाले नाहीत. आणखी चार दगड मास्तरांना ठाऊक होते. त्यांच्यावर त्यांनी काही लिहिलं नाही. निदान आमच्याकडे काही आलं नाही. प्रोफेसर पुढे मंडळाचे अध्यक्ष झाले. मी नोकरी सोडली नाही. घर चालवायचं होतं, असं मी सांगतो. ते खरं आहे आणि पुरेसं नाही.

आता लेख पाठवू का, असं विचारणाऱ्या नव्या माणसाला मी एकच गोष्ट सांगतो. लेखाची एक नक्कल करा. ती आपल्याच पत्त्यावर रजिस्टर टपालानं पाठवा. आली की पाकीट फोडू नका. विद्वानांवर तुमचा एवढाही विश्वास नाही का, असं काही जण विचारतात. मी म्हणतो, आहे ना. पण तारखेचा शिक्का पोस्टवालेच मारतात.