जड पाणी

एका बाईला मी दृष्ट लावणारी ठरवलं, ही माझी चूक. कॅम्पातल्या गोऱ्या साहेबानं जाताना दिलेले रंगीत मासे खडेबाजारातल्या माझ्या दुकानात काचेच्या पेटीत होते. ती रोज उंबऱ्याबाहेर थांबून पापणी न हलवता बघायची, आणि सगळे मासे तिच्याकडं तोंड करून स्थिर व्हायचे.

माशांनी अंडी घातली. आत काळे डोळे फिरू लागले, पण एकही अंडं फुटेना. तेव्हा ती पहिल्यांदाच आत आली आणि पेटीत बोट बुडवून तिनं ते चाटलं.

“पाणी लई जड हाय, अण्णा. पोरं आत जागी हाईत, त्यास्नी भाईर येता येईना.”

दुसऱ्या दिवशी ते सगळे डोळे पांढरे झाले होते.

“तुझीच नजर! पुन्हा दिसू नकोस,” मी ओरडलो. ती निघून गेली.

पुढं चहाच्या भांड्याच्या तळाशी विहिरीच्या पाण्याचा पांढरा थर दिसला, तेव्हा मी चरकलो; पेटीतही तेच पाणी होतं. साठवलेलं पावसाचं पाणी पेटीत थोडं थोडं मिसळत गेलो. पुढची अंडी फुटली.

एका सकाळी केसाएवढी पिल्लं रस्त्याकडच्या काचेला गोळा झाली. मी वर पाहिलं. समोर ती उभी होती, पदरानं डोळे झाकून.

मी रस्त्यात उतरलो.

“माझं चुकलं, आक्का. पाणीच जड होतं. आत या, डोळे उघडून बघा.”