भर उन्हाळ्यातले मोजे

आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी पाय धुण्याचा विधी होतो. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाळकसाहेब कमरेला टॉवेल गुंडाळतात आणि मंडळीतल्या बारा पुरुषांचे पाय धुतात. हे बारा जण घरी आधीच वज्रीने टाचा घासतात, नखे कापतात, खोबरेल तेल चोपडतात. पाळकसाहेबांना धुवायला त्या पायांवर काही शिल्लकच राहत नाही. मी हे एकदा महिला मंडळात बोलून दाखवले. तेव्हापासून त्या पुरुषांच्या बायका माझ्याशी जरा जपून बोलतात.

आमचे हे त्या बारा जणांत कधीच बसत नसत. घमेले घासायचे, पाणी कोमट करायचे, टॉवेलांच्या घड्या घालायच्या, ही सगळी व्यवस्था त्यांची. पण "आज तुम्ही बसा" म्हटले की यांना नेमके बाहेर काहीतरी काम निघायचे. कारण एकच, यांना पाय उघडे करायला नको. अकोल्यात नोकरी होती तेव्हा हा माणूस भर मे महिन्यात मोजे घालून ऑफिसला जायचा. निवृत्त होऊन आम्ही अमरावतीला राजापेठेत राहायला आलो, तरी मोजे सुटले नाहीत. कूलरसमोर अंगात नुसती बनियन आणि पायात मोजे, असे ध्यान बसलेले असायचे. मी म्हणायची, स्वर्गाच्या दारात चपला-मोजे काढायला सांगितले तर तुम्ही तिथूनच परत याल.

यांना साखरेचा आजार जुना आहे. गेल्या वर्षी थंडी सरता सरता मोजे धुताना मला उजव्या मोज्यावर डाग दिसला. अंगठ्याखाली फोड येऊन फुटला होता आणि यांना पत्ताच नव्हता. अकोल्याच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो, कारण यांच्या मते अमरावतीचे डॉक्टर ऐकून घेत नाहीत. डॉक्टरांनी तळवा पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, रोज कोमट पाण्यानं हा पाय धुवायचा, बोटांच्या मधात कोरडा करायचा, जखम पाहून औषध लावायचं. यांना स्वतःचा तळवा दिसत नाही, मधात पोट येते. हयगय केली तर बोट जाईल. बोटावर थांबलं तर नशीब."

घरी आल्यावर मी घमेले काढले, तर हे म्हणाले, "तू मधात पडू नको. मी माह्यं पाहून घेतो."

काय पाहून घेत होते, देव जाणे. न्हाणीघराचे दार लावून घ्यायचे आणि बाहेर आले की पुन्हा मोजे. मला भीतीने जेवण जाईना.

दिवेलागणीला आमच्या घरी प्रार्थना असते. शास्त्रातला भाग मी वाचते आणि अर्थ हे सांगतात. त्या संध्याकाळी मी योहानाच्या शुभवर्तमानातला पाय धुण्याचा भाग काढला. यांनी फार सुंदर सांगितला. त्या काळचे धुळीचे रस्ते, पाय धुणे हे नोकराचे काम, पेत्र हा शिष्य पाय धुऊ न देता कसा अडून बसला आणि प्रभूने त्याला कसे ऐकवले. आमेन झाले. मोजे जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी मी तोच भाग वाचायला घेतला.

"हा तर काल झाला," हे म्हणाले.

"काल मले नीट समजला नाई."

समजावून सांगायची संधी हा माणूस सोडत नाही. त्यांनी पुन्हा सांगितला, नव्या बाजूने. तिसऱ्या दिवशी आणखी नव्या बाजूने. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणीतरी आमच्या घरी येऊन केली असावी. चौथ्या दिवशी तर ते पेत्रावर चिडले. "हा त्याचा अहंकार हाय," म्हणाले. "सेवा करणं सोपं हाय. करून घेणं अवघड."

मी नुसती त्यांच्या मोज्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनीही खाली पाहिले.

खालीच पाहत म्हणाले, "तुले काय पायजे ते समजते मले. पण तू पाय धुशीन आन मंग राजापेठभर सांगत फिरशीन."

मला राग आला. खरे होते म्हणूनच आला. इतके दिवस मी मनातल्या मनात यांना पेत्र करून स्वतः प्रभूच्या जागी घमेले घेऊन बसले होते. पण प्रभूने कुणाच्या पायाची थट्टा केल्याचे काही शास्त्रात नाही.

"नाई सांगत कोणाले," मी म्हटले.

त्यांनी उजवा मोजा काढला. डावा पायातच ठेवला. डॉक्टरांनी उजवा सांगितला, म्हणून उजवाच. टाचेला जुन्या खोल भेगा होत्या. पाण्यात पाय ठेवून ते वेगळ्याच आवाजात बोलू लागले. लहानपणी हिवरखेडला काळ्या मातीत अनवाणी चालणे, डाव्या पायावर बैलाने पाय दिला तेव्हा वाकडे झालेले बोट, आणि अकोल्याच्या वसतिगृहात ते पाय पाहायला जमलेली, हसणारी पोरे. "तवापासून मोजे," म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होते. स्वर्गाच्या दाराचा विनोद आठवून मला माझीच लाज वाटली. जखम माझ्या कल्पनेपेक्षा मोठी होती. माझे डोळे भरून आले.

"रडून काहून राहिली?" हे म्हणाले. "दुखत नाई मले."

दुखत नव्हते, हेच तर वाईट होते.

त्यानंतर रोज सकाळी उजवा पाय धुणे सुरू झाले आणि शास्त्राचे वाचन एकदाचे पुढे सरकले. जखम हळूहळू भरत आली. महिला मंडळात मी मूग गिळून बसले. ते किती कठीण गेले, ते मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

मग पाय धुण्याच्या विधीचा तो गुरुवार आला. बारा जणांतले एक गृहस्थ ऊन लागून घरी पडले होते आणि एक खुर्ची रिकामी होती. पाळकसाहेब इकडेतिकडे पाहू लागले. आमचे हे कोपऱ्यात टॉवेल धरून उभे होते. त्यांनी टॉवेल खाली ठेवले, जाऊन खुर्चीत बसले आणि डावा मोजा काढला. ना वज्री, ना तेल. भेगांसकट, वाकड्या बोटासकट तो पाय सगळ्या मंडळीसमोर होता. पाळकसाहेबांनी तो धुतला आणि उजव्याकडे हात नेला.

"उजवा राहू द्या, पाळकसाहेब," हे म्हणाले, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे. "तो हिनं सकायीच धुतला. रोज हीच धुते."

सगळ्या बायका वळून माझ्याकडे पाहू लागल्या.

घरी येताना मी विचारले, "आता सांगू काय लोकायले?"

"आता काय सांगतं," म्हणाले, "सगळ्यायनं पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोमट पाण्याचे घमेले घेऊन आले, तेव्हा त्यांनी दोन्ही मोजे काढून ठेवले होते.