आई, आम्हाला वाट दे

देवाच्या बाबतीत मी बरीच वर्षं पाहुण्यासारखा वागत आलो. नोकरी नैरोबीला, घर डहाणूजवळ चिखल्याला. सुट्टीवर आलो की बायकोबरोबर महालक्ष्मीला जायचं, ओटी भरायची आणि प्रसादाचं खोबरं चघळत परतीच्या विमानाचा विचार करायचा. आई तिथे खरंच आहे का, आणि असलीच तर वर्षातून एकदा तोंड दाखवणाऱ्याला ओळखते का, असले प्रश्न मला पडायचे. मी ते हसण्यावारी न्यायचो, आणि त्या कामात माझा हात धरणारा अजून भेटलेला नाही. २०१७ च्या श्रावणात जे घडलं ते मात्र हसण्यावारी जाईना, म्हणून लिहितो आहे.

नैरोबीत आमच्याकडे देशातून कोणी आलं की शनिवार-रविवारी त्यांना जनावरं आणि धबधबे दाखवणं हे माझं लाडकं काम. जीपमध्ये उभा राहून मी सिंहांची ओळख अशी करून द्यायचो, जणू ते माझे मेहुणेच आहेत. फक्त एक गोष्ट गंभीर आवाजात सांगायचो : काहीही झालं तरी गाडीतून उतरायचं नाही. हा नियम माझ्या हाडात इतका मुरला होता की घरच्या जंगलातही तो माझ्याबरोबर आला.

त्या सुट्टीत थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, हट्टाला पेटले. "काय सिंहवाले, तुमचं आफ्रिकापुराण पुष्कळ झालं. तळासरीकडच्या डोंगरातला आमचा धबधबा बघा. नशिबात असलं तर बिबट्यापण दिसेल."

"भाऊजी, तुमच्या जंगलात मांजर जरी दिसली तरी गावभर पेढे वाटतो," मी म्हणालो.

भाऊजी सत्तरीचे; मंदा त्यांना दादा म्हणते. गुडघा नुकताच बदललेला, आणि गाडी चालवायला डॉक्टरांनी हो म्हटल्यापासून त्यांना घरात बसवत नव्हतं. ते, मी आणि माझी बायको मंदा असे तिघे शनिवारी दुपारी निघालो. धबधबा देखणा होता, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागलं. मांजर मात्र दिसली नाही, आणि मी ते भाऊजींना सारखं ऐकवत राहिलो.

परतताना भाऊजींनी रानशेतकडे निघणारा आतला रस्ता धरला. वर डोंगरात पाऊस धरला होता, उजेड मळकट झाला होता. वाटेत एका ओहोळावर ठेंगणी, कठडे नसलेली पुलाची फरशी लागली. पाणी तिच्यावरून जेमतेम वाहत होतं. "रोजचं आहे हे," म्हणत भाऊजींनी गाडी घातली. पलीकडचा काठ चार-पाच हातांवर आला आणि त्यांनी करकचून ब्रेक मारला.

फरशी जिथे संपते, बरोबर तिथे बिबट्या बसला होता.

एका बाजूला उभी दरड, दुसऱ्या बाजूला बांबूचं दाट बेट, आणि मधल्या वाटेवर तो, पुढचे पाय पसरून, निवांत. मी आनंदाने वेडा व्हायचाच राहिलो होतो. "इंजिन बंद करा, कोणी हलू नका!" मी कुजबुजलो आणि मोबाइल काढला. भाऊजींनी आज्ञाधारकपणे इंजिन बंद केलं. ते पुन्हा कधीच सुरू झालं नाही.

पाणी इतक्या लवकर चढतं हे ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. आधी चाकांशी खळखळ, मग पायांखालच्या मॅटवर गार ओल. मागे वळून पाहिलं तर आम्ही आलो तो भाग गढूळ पाण्याखाली गडप झालेला. भाऊजी किल्ली फिरवत होते, हॉर्न वाजवत होते. हॉर्नने बिबट्याचा कान तेवढा हलला. अशी जनावरं गाडी बघून पळतात, हे मी शंभर जणांना सांगितलं असेल. हा पळत नव्हता.

"अहो, उतरू या," मंदा मागून म्हणाली.

"कोणी उतरायचं नाही! गाडीत आहोत तोवर आपण सुरक्षित आहोत!" माझा तोच गंभीर आवाज. तेवढ्यात गाडी किंचित सरकली. फक्त वीतभर, पण आडवी, प्रवाहाच्या दिशेने. भाऊजींनी माझा हात घट्ट पकडला. त्यांचा तो नवा गुडघा, चढलेलं पाणी, समोर ते जनावर. पळणं त्यांना शक्य नव्हतं, त्यांना सोडून पळणं आम्हाला शक्य नव्हतं. ताईला काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. देवाचं नाव घ्यायचंही मला सुचलं नाही.

मंदाने दार उघडलं. पाणी गाडीखालून ज्या बाजूला वाहून जात होतं त्या बाजूला ती बसली होती, म्हणून ते उघडलं तरी. साडीचा ओचा खोचून ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, एक हात गाडीवर. मग तोही सोडून तिने हात जोडले, आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली. "आई, आम्हाला वाट दे. दादांचा पाय दुखरा आहे. आणि ह्यांचं बोलणं मनावर घेऊ नकोस, ते सगळ्यांनाच बोलतात."

बिबट्याने तिच्याकडे पाहिलं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग तो उठला, पाठ ताणून आळस दिला आणि बांबूत शिरला. पान हललेलंही ऐकू आलं नाही.

माझ्या बाजूचं दार पाण्याने दाबून धरलेलं. माझा हा देह गिअरवरून ओढत मी भाऊजींच्या मागोमाग बाहेर पडलो. दोघांनी त्यांना मध्ये धरलं आणि एकेक पाऊल टाकत आम्ही काठावर, जिथे तो बसला होता त्याच जागेवरून, वर चढलो. तिथली माती अजून कोरडी होती. आम्ही वळून पाहतो तोच गाडीने मागचा भाग फिरवला आणि ती फरशीवरून खाली गेली.

वरच्या पाड्यातली एक म्हातारी गुरं घेऊन येत होती. तिने आम्हाला घरी नेलं, चुलीपाशी बसवलं, कोरा चहा दिला. आमची हकिगत ऐकून तिला नवल वाटलं नाही. वळणावर झाडाखाली शेंदूर फासलेला, वाघ कोरलेला लाकडी खांब होता. तो तिने दाखवला. "वाघदेव हाय तो. त्याचीच वाट ती."

"आमच्याकडे तर साधा नारळही नाही हो आजी," मंदा रडवेली झाली.

"त्यानं मागितला का तुझ्याकं? च्या पी, थंड होतो."

भाऊजी आजही चिकूच्या वाडीत काठी टेकत फिरतात, आणि पेढ्यांची आठवण करून देतात. मी वाटले. गावभर वाटले. गोष्ट सांगताना तिखटमीठ लावायची माझी सवय सगळ्यांना माहीत आहे, पण ही गोष्ट मला फुगवता येत नाही. तो योगायोग होता की आणखी काही, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मी फक्त मंदाला एकदा विचारलं, "तो उठला नसता तर गं?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तर त्याच्या शेजारून गेलो असतो. पाणी चढत होतं ना?"

त्या उत्तरापुढे मी हात जोडले. तिच्यापुढे की आईपुढे, हे मलाही नीट ठाऊक नाही, आणि आता ते ठरवावंसं वाटत नाही.