लाथ मारू नका

माझी आत्या इंजिनिअर. उमेदीची अकरा वर्षं तिने एकाच प्रश्नावर घालवली: ऑफिसातल्या प्रिंटरने एका वेळी एकच कागद कसा उचलावा. ऐकायला सोपं वाटतं. पण हवा दमट असली की कागद एकमेकांना चिकटतात, रबरी रोलर एक ओढायला जातो आणि चार आत घुसून अडकतात. असा कागद कसा वागतो हे बघायला तिने घरच्या बाथरूममध्ये कागदाचे गठ्ठे रचले होते. आतोबा बिचारे तीन महिने अंग चोरून आंघोळ करायचे. ते बाहेर आले की आत्या आधी आत जाऊन कागद चाचपायची, मग त्यांना टॉवेल द्यायची.

कंपनीत तिला सगळे 'अडकित्ता' म्हणत. तिला ते आवडायचं.

रोलर सुधारला तरी तक्रारी येतच राहिल्या. म्हणून ती एका मोठ्या वकिली कचेरीत जाऊन दिवसभर कोपऱ्यात बसली. कागद अडकला की प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर 'ई-४७' उमटायचं. त्याचा अर्थ फक्त कंपनीला ठाऊक. कचेरीने आपला अर्थ लावला होता: लाथ घाला. तिथल्या हेडक्लार्क बाई तर अगदी शांतपणे, नेम धरून घालायच्या. खालचा पत्रा पार चेपला होता.

आत्याने परत येऊन साहेबांना सांगितलं, आकडे काढून टाका, सरळ वाक्यं लिहू या. साहेब म्हणाले, यंत्र गंभीर वाटलं पाहिजे. आत्या गप्प बसली. ती गप्प बसली की आतोबा घाबरायचे. साहेबांना तेवढा अनुभव नव्हता.

तिने चाचणीच्या प्रिंटरमध्ये स्वतःच वाक्यं भरली. पहिल्यांदा कागद अडकला की: 'दोन कागद एकदम आलेत. डावं दार उघडा.' दुसऱ्यांदा: 'कागद दमट आहे, माझा दोष नाही.' तिसऱ्यांदा: 'लाथ मारू नका. मी सगळं लक्षात ठेवते.'

त्याच आठवड्यात वकिलांना चेपलेल्या प्रिंटरऐवजी नवा पाठवायचा होता. गोदामवाल्याने चुकून खोकी बदलली आणि चाचणीचाच प्रिंटर तिकडे गेला.

चौथ्या दिवशी साहेबांनी आत्याला केबिनमध्ये बोलावलं. समोर हेडक्लार्क बाई बसल्या होत्या. आत्याने मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

"हे तुम्ही लिहिलंत?" बाईंनी विचारलं.

"हो."

"आमचे मोठे वकील काल त्या प्रिंटरला सॉरी म्हणाले. बावीस वर्षांत मला एकदाही म्हणाले नाहीत." बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "तसेच आणखी सहा हवेत. जमलं तर थोडे कडक बोलणारे."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे. पुढच्या मॉडेलपासून आकडे गेले, सरळ वाक्यं आली. टोमणे वगळले, पण बाईंच्या प्रिंटरांतले तसेच राहू दिले. आणि वाक्यं लिहायला नवा विभाग निघाला, त्याची प्रमुख आत्या. शाळेत निबंधात कायम काठावर पास होणारी मुलगी! आजोबांनी तर तिला दोनदा विचारलं, नीट ऐकलंस ना, तुझंच नाव घेतलं का?

निवृत्त होईपर्यंत तिने तेच काम केलं. हेडक्लार्क बाईंशी तिची घट्ट मैत्री जमली. बाई दर महिन्याला एखादं नवं वाक्य सुचवायच्या. बहुतेक सगळी मोठ्या वकिलांना उद्देशून असायची. आत्याने त्यातली दोन वापरली.