निळ्या चौकड्यांचा शर्ट

माझी मुलगी यंदा आठवीत गेली आणि आमच्या परभणीच्या घरात बेसिनवर बाटल्यांची रांग लागली. एक मुरुमांसाठी, एक डागांसाठी, एक चेहरा काचेसारखा चकचकीत व्हावा म्हणून. सगळं मोबाईलवर बघून मागवलेलं. तेरा वर्षांच्या चेहऱ्याला लागतं काय हो एवढं? माझा राग नाकाच्या शेंड्यावर. मी दोन बाटल्या उचलून कचऱ्यात टाकल्या. ती "तुला काही कळत नाही" म्हणून ओरडली आणि दार आपटून आत गेली. मग ओट्याशी उभी राहिले तेव्हा मला माझीच लाज वाटली, कारण मला यातलं चांगलंच कळत होतं. पंधराव्या वर्षी मी हेच केलं होतं आणि त्यापायी माझी शाळा सुटायची वेळ आली होती.

आमचं शेत पोखर्णीच्या रस्त्याला. दिवाळीच्या सुट्टीत सगळं घर कापूस वेचायला रानात. आई साडीवर बाबांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालायची, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, वर तोंडाला टॉवेल गुंडाळून. आमच्याकडं वेचणीला सगळ्याच बाया असा शर्ट घालतात, पण घरी आल्या की काढून खुंटीला टांगतात. आमची आई मात्र तशीच दुकानात जायची आणि एकदा तर तशीच माझ्या शाळेत आली. वर्गातल्या पोरी हसल्या. त्या दिवशी मी आईशी बोलले नाही.

दहावीच्या वर्षी तिनं बाबांचा निळ्या चौकड्यांचा एक शर्ट माझ्यासाठी कापला. खांदे आत घेतले, बाह्या आखूड केल्या, सगळं हातशिलाईनं. वेचणीच्या पहिल्या दिवशी बांधावर तो माझ्यापुढं धरून म्हणाली, "घाल माय, बोंडं लय वरबाडतेत."

"मला न्हाई घालायचं असलं," म्हणत मी तो भिरकावून दिला. आईनं शर्ट उचलला, झटकला, घडी करून भाकरीच्या फडक्याशेजारी ठेवला आणि वेचायला लागली.

माझा तोरा उगाच नव्हता. गंगाखेडच्या मावसबहिणीनं लग्नाआधी एक ट्यूब वापरली होती. मेडिकलवर ती चिठ्ठीशिवाय मिळायची. तिनं उरलेली मला दिली आणि आठ दिवसांत माझा चेहरा असा उजळला की आरशापुढून हलवेना. आता इतका उजळलेला चेहरा काय टॉवेलात गुंडाळून ठेवायचा? मी उघड्या तोंडानं चार दिवस कापूस वेचला. पाचव्या दिवशी गाल भाजल्यागत लाल झाले, वर बारीक पुरळ उठलं. घाबरून ट्यूब बंद केली तर आणखीच बिघडलं. आग व्हायची, सालपटं निघायची.

दिवाळीनंतर शाळा उघडली. मी गेले नाही. आठवडा झाला, दोन झाले, आणि एक दिवस मी बाबांना सांगून टाकलं, "मला शाळाच शिकायची न्हाई." बाबा "बघू" म्हणाले. गावात दहावीच्या पोरीनं शाळा नको म्हटलं की महिन्याभरात पाहुणे बघायला येतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी तसं म्हणाले. असलं तोंड घेऊन वर्गात बसण्यापेक्षा तेही मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आई वेचणी अर्धी टाकून रानातून आली आणि मला ऑटोत घालून परभणीला चामडीच्या डॉक्टरकडं घेऊन निघाली. अंगावर तोच वेचणीचा शर्ट. "आई, एवढा शर्ट तर काढ," मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

"परत रानातच जायचंय. तू गप बस."

डॉक्टरीणबाईंनी ट्यूब उलटी करून वाचली. "हे गोरं करायचं क्रीम नाही, औषध आहे. आम्ही सांगितलं तरच लावायचं, आणि तेही थोडे दिवस," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दिवसातून दोनदा साध्या सौम्य साबणानं तोंड धुवायचं, खसाखसा पुसायचं नाही, ओलसर असतानाच साधं क्रीम लावायचं, उन्हात झाकून जायचं आणि उघडं राहील तिथं उन्हाचं क्रीम. नवीन काही लावायचं तर आधी कानामागं लावून दोन दिवस बघायचं. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं सांगतील.

सांगता सांगता त्यांचं लक्ष आईच्या हातांकडं गेलं. काळवंडलेले, भेगाळलेले, बोंडांनी ओरखडलेले. "बाई, जरा बाही वर करा," त्या म्हणाल्या.

आईनं संकोचत गुंडी काढली आणि बाही कोपरापर्यंत सारली. मनगटाशी रेघ मारल्यासारखं होतं. रेघेच्या वरचा हात गोरा नव्हता, आमच्या घरात कुणीच गोरं नाही. पण तो मऊ होता, तुकतुकीत, एक डाग नाही. माझ्या वयाच्या पोरीचा वाटावा असा. मी आईचा हात असा कधी बघितलाच नव्हता.

"हे असं झाकून राहायचं तुम्हाला कुणी शिकवलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोण शिकवंल? ऊन लागतंय म्हून घालते," आई म्हणाली आणि बाही खाली ओढली.

चेहरा निवळायला मार्च उजाडला. त्याआधीच ओढणी बांधून मी शाळेत जायला लागले होते, आणि त्याच ओढणीत दहावीची परीक्षा दिली. पुढं शिकले, नोकरीला लागले. धुणं, क्रीम, झाकणं, कधी चुकवलं नाही. फक्त तो निळ्या चौकड्यांचा शर्ट मी आईकडं मागितला नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला सांगितलं, आधी बाटल्यांबद्दल माफी मागून. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आजीचा हात खरंच तसा आहे?"

दिवाळीला गावी गेलो. आई वेचणीला निघायच्या तयारीत होती. मुलीनं तिची बाही वर सारली, बोट फिरवून बघितलं, स्वतःचा हात शेजारी ठेवून बघितला. मग म्हणाली, "आजी, मी पण येते रानात. मला दे ना एक शर्ट."

आई आत गेली आणि पेटीच्या तळातून निळ्या चौकड्यांचा शर्ट घेऊन आली. घडीच्या जागी रंग थोडा विटला होता. मुलीनं तो घातला, बाह्या बरोबर मनगटावर आल्या.

"हा कुणाचा गं?"

"तुझ्या आईचा हाय. एकदाबी घातला न्हाई तिनं."

मला रडू आवरेना. वीस वर्षांहून जास्त तिनं तो जपून ठेवला होता, आणि एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी डोळे पुसत म्हटलं, "आई, मला बी दे एक."

"तुझ्या बाबाचा टांगलाय बघ खुंटीला," आई टॉवेल गुंडाळत म्हणाली. "आता फेकू नको म्हंजे झालं."

मी तो घातला आणि गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या.